केसरी वाडा फक्त गणपतीपुरता नाहीये

पुण्यात नारायण पेठेतला केसरी वाडा कोणाला सांगावा लागत नाही, पण तिथे काय आहे विचारलं की बहुतेक जण म्हणतात मानाचा पाचवा गणपती. ते खरंच आहे, आणि त्या दहा दिवसांतली तिथली गर्दी मलाही मनापासून आवडते. पण माझं म्हणणं असंय की तो आधी एका संपादकाचं घर आहे, आणि पोरांना तसाच दाखवला पाहिजे.

टिळक पूर्वी विंचूरकर वाड्यात राहायचे, १९०५ ला त्यांनी हा वाडा सयाजीराव गायकवाडांकडून विकत घेतला, म्हणून नाव गायकवाड वाडा. राहणं आणि केसरीचं काम एकाच आवारात, त्यामुळे लिहिण्याची किंमतही घरानेच मोजली. १९०८ चंच बघा ना, मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर 'देशाचे दुर्दैव', 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे अग्रलेख आले, टिळकांना मुंबईत पकडलं आणि इकडे घराची झडती. त्यात एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं, झालं, तेच कोर्टात पुरावा! टिळकांनी सांगितलं की स्फोटकांच्या कायद्यावर टीका लिहायची होती म्हणून नावं टिपून ठेवली होती. अहो कुठल्याही संपादकाच्या टेबलावर असले कागद सापडतील, लिहायच्या आधी वाचावं लागतंच की. ज्यूरीत सात जण विरुद्ध गेले, दोन बाजूने, आणि शिक्षा सहा वर्षं.

ते ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. १९१४ च्या जूनमध्ये रात्री उशिरा पोलिसांनी टिळकांना याच वाड्यावर आणून सोडलं तेव्हा घरात त्या नव्हत्या, आणि ही गोष्ट आपण मुलांना सांगतच नाही, थेट गीतारहस्यावर उडी मारतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सहा वर्षं म्हणजे काय हे त्या एका गोष्टीतून जेवढं कळतं तेवढं तारखा पाठ करून कळणार नाही.

आणि दाखवायचं तर आगरकरही दाखवा. केसरीचे पहिले संपादक ते, टिळकांशी मतभेद झाले, बाहेर पडले आणि १८८८ ला 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतीवयाच्या बिलाला, म्हणजे मुलींशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला, तिथे मला आगरकरांचीच बाजू पटते, आणि हे बोलल्याने टिळकांचा मान काही कमी होत नाही.

शाळेची सहल नेणाऱ्या सर-मॅडमना एकच विनंती, जायच्या आधी वर्गात टिळकांचा केसरीतला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख मोठ्याने वाचून घ्या, तो १८९७ चा आहे, वाडा घेण्याच्याही आधीचा. अवघड शब्द येतील, येऊ देत, पुतळ्यापुढे फोटो काढायला नंतर वेळ आहेच.