टाय रॉडचा नट मागे फिरवू नका

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी सळई आणि टाय रॉड एंड म्हणजे तिच्या टोकाचा बॉल जॉइंट. त्याच्या दांड्यावर खाचांचा नट बसतो आणि खाचेतून दांड्याच्या भोकात पिन जाते. काल रात्री भाच्याचा फोन. "मामा, टाय रॉड एंड बदलला. नटाची खाच भोकासमोर येईना, म्हणून नट जरा मागे घेतला आणि पिन घातली. व्हिडिओत तसंच सांगितलंय." हाच व्हिडिओ माझ्याकडे तीन ग्रुपवरून आलाय. त्याला म्हटलं, गाडी जागची हलवू नकोस.

'खाच जुळत नसेल तर नट किंचित सैल करा, पिन त्याला धरून ठेवते.' हे धादांत चूक आहे. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि चाकाला जोडलेल्या स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसतो. सगळा भार ही पाचर घेते, नट तिला ओढून धरतो. पिनचं काम एवढंच, की नट फिरून गळू नये. नटाला सहा खाचा, म्हणजे पुढची खाच फार तर सहाव्या हिश्शाच्या फेऱ्यावर. १.२५ मिमी पिचच्या (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) आट्यावर हे अंतर ०.२ मिमी होतं. क्षुल्लक वाटतं, पण आवळताना दांडा ताणला जातो तो याहून कितीतरी कमी. तेवढं मागे आलात की ओढ संपली. पाचर लगेच सुटत नाही, म्हणून चार दिवस गाडी नीट चालते आणि लोक म्हणतात, बघा, काही झालं नाही! मग खड्ड्याखड्ड्यांत दांडा हलतो, आर्मचं भोक लंबगोल होतं, एखाद्या दिवशी दांडाच तुटतो. त्या क्षणी ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

भाच्याला त्याच्याच गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचं पान पाठवलं: आधी दिलेल्या टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळा, खाच जुळली नाही तर पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळा. सैल करू नका.

'मागे घ्या' हे आलं कुठून, तेही सांगतो. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या टेपर रोलर बेअरिंगचा नट आवळून मग मागे घेतात आणि त्यालाही अशीच पिन असते. तिथे ते बरोबर आहे, बेअरिंगला फिरायला मोकळीक लागते. इथे दांड्याला आर्ममध्ये तसूभरही मोकळीक नको.

बाकीचे सल्ले: जुनी पिन सरळ करून वापरा? वाकवलेल्या जागीच ती तुटते, नवी चार-दोन रुपयांत मिळते. दांड्याच्या निमुळत्या भागाला, टेपरला, ग्रीस लावा? नाही, पुसून कोरडा ठेवा. टॉर्क रेंचऐवजी (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) हाताचा अंदाज? स्टिअरिंगला नाही.

भाच्याने पिन काढून टॉर्क रेंच लावला, तर नट जवळजवळ पाव फेरा आत गेला. आज तो चाकांची अलाइनमेंट करून घेतोय.