आर्द्रतेचा रकाना

नागपुरात कूलर भाड्याने देणाऱ्याला दोन शत्रू असतात. एक बोअरचं खारं पाणी आणि दुसरा अवकाळी पाऊस. माझा मेहुणा पिंटू हाच धंदा करतो. पहिल्या शत्रूवर त्याच्याकडे इलाज आहे. पाइपाची भोकं क्षाराने बुजली की तो खिशातून दाभण काढतो, एकेक भोक टोचतो, पाइपाचं टोक तोंडात धरून जोरात फुंकर मारतो आणि मग ताट्यांवरून पाणी सगळीकडे सारखं उतरतंय का, ते बोट फिरवून बघतो. ग्राहक खूश. दुसऱ्या शत्रूवर मात्र दाभण चालत नाही.

कारण कूलरमध्ये थंड करणारं असं काही यंत्र नसतंच. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, एवढाच त्याचा जीव. हवा कोरडी असेल तर वाफ भरपूर, दमट असेल तर बेताची. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर हवा २६-२७ अंशांच्या आसपास आणू शकतो. दुसऱ्या दिवशी शिरवा पडला, तापमान ३८ वर उतरलं आणि आर्द्रता ५५ झाली, तर तोच कूलर ३० च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे बाहेर ऊन कमी आणि घरात घाम जास्त. हे फोनवर समजावून सांगायचं आणि समोरच्याचं कपाळ ओलं असताना सांगायचं.

‘‘भाऊ, तुमचा कूलर नुस्ती हवा फेकून राहिला.’’

‘‘काकू, काल पाणी आलं न. हवेत दमटपणा आहे.’’

‘‘पाणी बाहेर आलं. कूलर तर घरात आहे न?’’

या युक्तिवादाला उत्तर नाही. त्यात निम्मे ग्राहक एसीसारखी दारं-खिडक्या गच्च लावून बसतात. कूलरची दमट हवा बाहेर जायला वाट लागते, हे त्यांना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं आणि दर वर्षी ‘‘मंग धूळ नाही येत का?’’ हा प्रश्न दर वर्षीच्याच तेजाने परत येतो.

‘‘मले प्रूफ पाह्यजे, भाऊजी,’’ एका संध्याकाळी पिंटू म्हणाला. ‘‘तक्रार आली त्या टायमाले हवेत किती ओल होती, ते लिहून पाह्यजे. मंग दाखवतो एकेकाले.’’

मी बँकेतून निवृत्त. नोकरीत असताना एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावता यायचं, तेव्हापासून सासुरवाडीत माझी गणना संगणकतज्ज्ञांत होते. पिंटूची तक्रारवही माझ्या मुलीने दिवाळीत क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये चढवून दिली होती. ग्राहकाचं नाव, मोहल्ला, कूलरचा नंबर, तक्रार, वेळ. आता फक्त शेजारी आर्द्रतेचा रकाना हवा होता, तोही आपोआप भरणारा. मुलगी पुण्याहून म्हणाली, ‘‘बाबा, नो-कोड आहे. झॅपियर, मेक, एन-एट-एन, काहीही घ्या. चौकोन ओढायचे, रेघेने जोडायचे. चहा होईपर्यंत होतं.’’

पुण्यात चहाला किती वेळ लागतो, ते मला माहीत नाही.

चित्र खरंच सोपं दिसतं. पहिला चौकोन म्हणतो, डेटाबेसमध्ये नवी नोंद आली. दुसरा हवामानाच्या सेवेकडे जाऊन विचारतो, या ठिकाणी आत्ता काय चाललंय. तिसरा ते उत्तर आणून नोंदीत भरतो. कोड कुठेच लिहायचा नाही. पण कोड लिहिणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते सगळे इथेही तसेच बसलेले असतात, फक्त त्यांच्यावर रंगीत गोल चिन्हं चिकटवलेली असतात. एकक कोणतं? वेळ कुठली? आधी अक्षांश की आधी रेखांश?

एककाचंच घ्या. आम्ही आधी निवडलेली हवामान सेवा, काही सांगितलं नाही तर तापमान केल्विनमध्ये देते. पडद्यावर आलं ३१७.६. पिंटू जराही दचकला नाही. नागपूरकराला मे महिन्यात कुणी ३१७ डिग्री सांगितलं तरी तो आधी ‘‘सावलीत का उन्हात?’’ एवढंच विचारतो. त्यातून २७३.१५ वजा करायचे असतात, हे मी त्याला सांगितलं तेव्हा उलट तो हिरमुसला.

मग आम्ही ओपन-मेटिओ या दुसऱ्या हवामान सेवेकडे वळलो. तिथे सेल्सिअस आपसूक मिळतं आणि घरगुती प्रयोगाला किल्लीही, म्हणजे नोंदणी करून मिळणारा परवलीचा शब्दही, लागत नाही, नुसते अक्षांश-रेखांश द्यायचे. ते काम पिंटूने अंगावर घेतलं. कुठल्याशा नकाशाच्या फाइलमधून त्याने आकडे उचलले आणि होते त्याच क्रमाने डकवले. थोड्या वेळात पहिली नोंद भरून आली. नंदनवन, कूलर गार करत नाही. तापमान उणे ४, आर्द्रता ९१ टक्के.

‘‘उणे चारमधी कूलर कायले पाह्यजे तिले?’’ पिंटूने विचारलं.

नकाशांच्या काही फाइलींत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायची रीत आहे. आपण बोलताना उलट बोलतो. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. हे आकडे आपापसात बदलले की आपण सरळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी, आर्क्टिकच्या पाण्यात पोचतो. तिथे पांढरी अस्वलं असतात. झिरो माइलच्या गावचा माणूस दोन आकड्यांच्या अदलाबदलीत ध्रुवावर जातो, हे मला मनापासून आवडलं. मी ती नोंद पुसू दिली नाही.

वेळेचा घोळ जास्त चिवट निघाला. सेवा मुळात ग्रिनिचची वेळ सांगते. तक्रार दुपारी ३ ची, आणि तिच्यापुढे आर्द्रता यायची ग्रिनिचच्या ३ ची, म्हणजे आपल्या रात्री साडेआठची. रात्री हवा जरा ओलसर असतेच, त्यामुळे सगळे आकडे पिंटूच्या बाजूने झुकायला लागले. त्याला यात चूक अशी काही दिसेना. ‘‘राहू द्या न भाऊजी, चांगले येऊन राहिले.’’ बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे बघवत नाही. मी विनंतीत ‘एशिया/कोलकाता’, म्हणजे भारतीय वेळ, घातलं आणि त्याचा फायदा काढून घेतला.

याचा त्याला राग आला असावा, कारण पुढचा पराक्रम त्याने मी झोपल्यावर केला. नोंद नवी असेल तेव्हाच हवामान का आणायचं, ती बदलली तरी आणावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने पहिल्या चौकोनात तसं केलं. मग नोंद बदलली की हवामान आलं. हवामान भरलं म्हणजे नोंद बदलली. बदलली म्हणून पुन्हा हवामान आलं. मानेवाड्याच्या एका गृहस्थांची तक्रार अशी रात्रभर स्वतःलाच उठवत राहिली. फुकटच्या योजनेत महिन्याला ठरावीक पायऱ्या मिळतात. पहाटेपर्यंत त्या सगळ्या त्या एका माणसावर खर्ची पडल्या. सकाळी मेल आला, तुमचा कोटा संपला आहे. ‘‘आपला कूलर नाही इतका चालत,’’ पिंटू म्हणाला, आणि त्याच्या स्वरात कौतुक होतं.

पैसे भरले. चक्र तोडलं. रकाना नीट भरायला लागला.

आता प्रश्न उरला तो पुराव्यावर विश्वास ठेवण्याचा. ही सेवा आकडा देते तो गणिती प्रारूपातून, काही किलोमीटरच्या चौकोनाचा, जमिनीपासून २ मीटर उंचीवरचा. ग्राहकाकडे असतो तो त्याच्या कारच्या काचेमागचा आकडा, आणि तो नेहमी मोठा असतो. वर एक जण हमखास ५६ ची आठवण काढतो. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. शहराचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. पण खुलासा कोणाला पाठ नाही, ५६ सगळ्यांना पाठ आहे. ‘‘तुमच्या मशीनले काय समजते,’’ असं म्हणून ते फोन ठेवतात.

तरी पिंटू हरला नाही. तक्रार यायच्या आधीच आपण गाठायचं, असं त्याने ठरवलं. मी चौथा चौकोन जोडला. आर्द्रता ५० च्या वर गेली की सगळ्या ग्राहकांना व्हॉट्सअॅप जायचं. मजकूर मीच लिहिला, बँकेच्या परिपत्रकांचा सराव कामी आला: ‘नमस्कार. आज हवेतील आर्द्रता ६२ टक्के असल्याने कूलरची हवा नेहमीपेक्षा कमी गार लागेल. कृपया खिडकी उघडी ठेवावी. कूलरमध्ये बिघाड नाही.’

पाऊस थांबला, संदेश गेले. फोन एकही वाजला नाही. पिंटूने माझ्या पाठीवर थाप मारली, बायकोने आमच्या दोघांसाठी तर्री-पोहे केले. आम्ही जेमतेम दोन घास घेतले असतील, तोच पहिलं उत्तर आलं. मानेवाड्याचे तेच गृहस्थ.

‘आज ६२ टक्के बंद, तर ३८ टक्केच भाडं घ्याल न भाऊ?’

मागोमाग प्रतापनगर. मग सक्करदरा. नंदनवनच्या काकूंनी तर मागच्या आठवड्याचेही आकडे मागितले, रोजचे, लेखी.

पिंटू बराच वेळ मोबाइल खालीवर करत बसला. मग पोह्यांची ताटली बाजूला सारून हळूच म्हणाला, ‘‘भाऊजी, ते उणे चारवालं लोकेशन ठेवलं आहे न तुम्ही?’’

‘‘तिथे आर्द्रता ९१ आहे,’’ मी म्हटलं. ‘‘नऊ टक्के भाडं मिळेल.’’