तेरा-दहा, आणि कुणाला किती मार्क

मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या संघांची अमेरिकन फुटबॉलची शनिवारची मॅच मी तीनदा बघितली. पहिल्यांदा लाइव्ह. घरात दहा माणसं, गॅसवर मिसळीचा कट, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो गॅस कुणी बंद केला हे मला अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा त्याच रात्री, सगळे गेल्यावर, आवाज बंद करून. तिसऱ्यांदा काल सकाळी आप्पांबरोबर. ही पोस्ट लिहायला बसले ती त्या तिसऱ्या वेळेमुळे.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३० नोव्हेंबर २०२४ ला आपल्या मिशिगनने ओहायो स्टेटला कोलंबसमध्ये, त्यांच्याच मैदानावर, लाखावर प्रेक्षकांसमोर १३-१० असं हरवलं. ते देशात दुसऱ्या क्रमांकावर, अकरापैकी दहा जिंकून आलेले. आपण सहा जिंकलेले, पाच हरलेले. सट्टेवाल्यांनी आपल्याला वीसेक गुणांनी हरवून ठेवलं होतं. २०२३ च्या हंगामातला राष्ट्रीय विजेता संघ आता उरलेला नाही. कोच हार्बॉ एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला गेले, तेरा खेळाडू त्या लीगच्या एका ड्राफ्टमध्ये (निवडीत) गेले. त्यात आपला सगळ्यात चांगला कॉर्नरबॅक (पास अडवणारा) विल जॉन्सन आणि टाइट एंड (पास झेलणारा) कोल्स्टन लव्हलँड दोघंही दुखापतीमुळे बाहेर. तरी जिंकलो, सलग चौथ्या वर्षी.

जिंकल्यावर सगळ्यांनाच शंभरपैकी शंभर वाटत सुटायचं, हे मला पटत नाही. ज्या पोरांनी खरोखर मॅच ओढून आणली त्यांच्यावर तो अन्याय आहे. म्हणून शाळेत असतात तसे मार्क देतेय, पस्तीसला पास.

सुरुवात बचावाच्या फळीपासून, डिफेन्सिव्ह लाइनपासून. अठ्ठ्याण्णव.

आप्पांना फुटबॉलचे नियम माहीत नाहीत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, एवढंच मी त्यांना सांगितलं. पण त्यांची उमेदीची वर्षं कोल्हापुरात तालमीत गेली. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी चेंडूकडे बघायचं सोडून दिलं. "बॉल कुठं बी जाऊ दे. त्यो मधला पंचावन्न नंबरचा पोरगा बघ. त्येचं ढुंगण बघ किती खाली हाय. उठतच न्हाई वर." पंचावन्न नंबर म्हणजे मेसन ग्रॅहम. मी रिमोट थांबवून त्यांना सांगितलं की हा मुलगा शाळेत कुस्ती खेळायचा. आप्पांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. ते त्यांना आधीच दिसलं होतं.

मग मीही तसंच बघायला लागले. चेंडू मागं जातो त्या क्षणी ग्रॅहमचे दोन्ही हात समोरच्याच्या छातीत आत जातात, समोरच्याचे हात बाहेरच राहतात. आत हात ज्याचे, पकड त्याची. समोरचा सरळ उभा होतो, आणि सरळ उभा राहिलेला माणूस कितीही वजनाचा असो, ढकलता येतो. शेजारी केनेथ ग्रँट, दीडशे किलोंच्या वरचा. त्याला हलवायला दोघं लागायचे, म्हणजे कुठंतरी एक माणूस मोकळा राहायचा, आणि तो मोकळा माणूस ओहायोच्या धावपटूला जाऊन भिडायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीतून घडलं. ओहायोकडे हेंडरसन आणि जडकिन्स असे दोन धावपटू, दोघंही एनएफएलच्या तोडीचे. संपूर्ण संघ मिळून चेंडू घेऊन २६ वेळा धावला, ७७ यार्ड. म्हणजे दर वेळी तीन यार्डसुद्धा नाही.

ओहायोच्या धावपटूंना वाट काढून देणाऱ्या लाइनमधले दोघं, लेफ्ट टॅकल आणि सेंटर, हंगामात आधीच जखमी होऊन गेलेले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. म्हणूनच दोन मार्क कापले. पण त्याच लाइनमागे धावून ते आतापर्यंत जिंकत आलेच होते ना. आणि बाहेर पास झेलायला जेरेमाया स्मिथसारखा पोरगा उभा असताना ते पुन्हा पुन्हा मधूनच घुसत राहिले, ग्रॅहम आणि ग्रँटच्या अंगावर. हा त्यांच्या कोचचा हट्ट होता. तीन वर्षं 'तुमच्यात दम नाही' हे ऐकून घेतलेल्या माणसाचा हट्ट.

यानंतर आपला धावपटू केलेल मलिंग्ज. पंच्याण्णव.

३२ वेळा चेंडू घेतला, ११६ यार्ड. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), आणखी सहा यार्ड हवे होते, १०-१० ची बरोबरी, चौथा क्वार्टर संपत आलेला, अशा वेळी त्याने काढलेले २७ यार्ड मी रिमोटने मागं नेऊन नेऊन बघितले. तो पहिल्यांदा डावीकडे झुकतो, तिथं वाट नाही हे त्याला कळतं, आणि तो थांबतो. खरंच थांबतो, अर्धा सेकंद. मग एक माणूस अंगाला लागतो, तो त्याला घेऊनच वळतो आणि पुढं मोकळं मैदान. त्या अर्ध्या सेकंदात त्याचा डावा हात चेंडूवर दुसऱ्यांदा आवळला जातो. त्या हाताकडे बघून मला २०२२ चा ३१ डिसेंबर आठवला. फिएस्टा बोल नावाची मॅच, टीसीयू विद्यापीठाविरुद्ध, गोललाइनच्या, म्हणजे गुण मिळतात त्या रेषेच्या तोंडाशी याच मुलाच्या हातून चेंडू सुटला होता, आणि ती सेमीफायनल आपण ५१-४५ अशी हरलो होतो. शनिवारी एक यार्डावरून टचडाउन (चेंडू ती रेषा ओलांडून नेणं, सहा गुण) त्यानेच केला. २०२२ मध्ये तो लाइनबॅकरही (बचावात लाइनच्या मागं उभा राहणारा) होता, धड इकडचा ना तिकडचा. दोन वर्षांत हा मुलगा कुठून कुठं आला!

त्याच्यापुढं वाट काढणाऱ्या आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनला अठ्ठ्याहत्तर. पहिल्या हाफमध्ये ती कितीदा मागं रेटली गेली ते मी विसरलेले नाही. पण चौथ्या क्वार्टरमध्ये, सगळ्या स्टेडियमला माहीत असताना की चेंडू मलिंग्जकडेच जाणार, त्यांनी तो पुढं नेला. या लाइनमनचं नाव कुठल्याही आकडेवारीत येत नाही, आणि चुकले की मात्र लाउडस्पीकरवर नंबर पुकारला जातो. मी मिशिगनमधल्या कॅंटनमध्ये इतकी वर्षं राहते, दुकानात मलिंग्जचा शर्ट मिळतो, सेंटरचा शर्ट मागितला तर माणूस माझ्याकडे बघत राहतो.

आता जे बोलायला मला त्रास होतोय ते. पासिंग, म्हणजे क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आणि रिसीव्हर (झेलणारे) मिळून: तीस. नापास.

डेव्हिस वॉरनबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. शाळेत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला, त्यातून उठून तो शिष्यवृत्तीशिवाय मिशिगनच्या संघात आला, आणि कोलंबसमध्ये जिंकणारा क्वार्टरबॅक म्हणून त्याचं नाव कायमचं राहील. पण १६ पैकी ९ पास, ६२ यार्ड, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). त्यातला एक आपण गोललाइनपाशी पोहोचलेले असताना थेट ओहायोच्या जॅक सॉयरच्या हातात. ६२ यार्ड तर चांगला संघ एका पासमध्ये घेतो. लव्हलँड नसला की या संघात मोकळा होणारा माणूसच नाही, हे वर्षभर दिसतंय. यात एकट्या वॉरनचा दोष नाही, म्हणून मार्क दोघांना मिळून दिले. पण 'जिंकलो ना, मग झालं' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. त्या इंटरसेप्शननंतर ओहायोने एक जरी टचडाउन केला असता तर आज आपण वेगळ्याच गप्पा मारत असतो.

सेकंडरीला, म्हणजे पास अडवणाऱ्या मागच्या फळीला, अठ्ठ्याऐंशी, आणि हे मार्क मी आनंदाने देतेय. विल जॉन्सनच्या नसण्याची भीती सगळ्यांनाच होती. आमिर हॉल ऑल्बनी विद्यापीठातून आलेला, मोठ्या मैदानांची सवय नसलेला पोरगा. त्याने ओहायोच्या क्वार्टरबॅकचा, विल हॉवर्डचा पास पकडला आणि थेट दोन यार्डांपर्यंत आणून ठेवला, आपला एकमेव टचडाउन त्यातूनच आला. मकारी पेजने दुसरा पकडला. हाफटाइमच्या आधी स्मिथने एक टचडाउन घेतला, तो धरूनही त्याला ५ झेलांत ३५ यार्ड. देशातला सगळ्यात धोकादायक रिसीव्हर, आणि ३५ यार्ड! लाइनबॅकर नीट खेळले, पंच्याहत्तर.

आपला किकर डॉमिनिक झ्वाडा, शंभर. हो, एकालाच शंभर. ५४ यार्डांवरून एक किक (खांबांमधून मारायची, तीन गुणांची) आणि शेवटच्या ४५ सेकंदांवर २१ यार्डांवरून दुसरी. २१ यार्डांची सोपी असते असं म्हणणाऱ्यांनी समोरच्या किकरचं काय झालं ते बघावं. त्याच्या दोन हुकल्या, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. सहा गुण तिथं गेले आणि आपण तीनने जिंकलो.

कोच शेरोन मूर यांना ऐंशी. मूळचा लाइनचा कोच, आणि मॅच लाइनवर सोपवायची हिंमत त्याने केली. वर्षभर ज्यांना शिव्या पडल्या ते बचावाचे कोच विंक मार्टिनडेल यांनी दुसऱ्या हाफमध्ये ओहायोला एकही गुण दिला नाही. त्यांच्यावर मीसुद्धा ऑक्टोबरमध्ये इथंच खूप लिहिलं होतं. ते मागं घेते.

मॅच संपल्यावर आपली पोरं मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेले, मारामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत जाणारा स्प्रे मारला. बिग टेनने, म्हणजे दोघांच्या लीगने, दोन्ही विद्यापीठांना लाख लाख डॉलर दंड केला, तो योग्यच आहे. जिंकल्यावर दुसऱ्याच्या आखाड्यात असं वागत नाहीत. आप्पा तो भाग बघायला थांबलेच नाहीत, उठून चहा ठेवायला गेले.

पासिंगचं काय करायचं, तर उत्तर तेव्हा आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, बेलव्हिल हायस्कूलमध्ये होतं. ब्राइस अंडरवूड, देशातल्या शाळांमधला पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. एलएसयू या दुसऱ्या विद्यापीठाला दिलेला शब्द बदलून तो २१ नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनला हो म्हणाला. शाळेतले खेळाडू विद्यापीठांशी करार करतात तो सह्यांचा दिवस ४ डिसेंबर २०२४ ला होता. सही होईपर्यंत मी काही बोलणार नव्हते.