लघवीच्या पिशवीला शेक: त्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) घेऊ नका. मशीन सगळ्यांना एकाच मापाने मारतं, आतडी जळतात. पिशवी काढणं हाच इलाज, आणि म्हाताऱ्यांनी तर काहीच करू नये.’ गुहागरच्या आमच्या काकांनी तो वाचून मुंबईला जाणं रद्द केलं, म्हणून लिहिते आहे.

एकच माप हे पूर्वी बरंचसं खरं होतं. पिशवी लघवी साठेल तशी फुगते, शेजारच्या आतड्यांमुळे सरकते. खाडीत होडी बांधताना भरतीचा विचार करून दोराला ढील ठेवतात, तशी डॉक्टर चहूबाजूंनी जादा जागा धरत, आणि त्या जागेत आतडी सापडत. आता एकाच रुग्णासाठी शेक कुठवर द्यायचा याचे लहान, मध्यम, मोठा असे आराखडे आधीच करून ठेवता येतात. शेकाआधी मशीनवरच स्कॅन होतो आणि त्या दिवशीची पिशवी ज्यात पूर्ण बसेल असा सर्वांत लहान आराखडा निवडतात. हे फक्त परदेशातच होतं असंही नाही. टाटा मेमोरियलने 2016 साली 44 रुग्णांवरचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तर सहा आराखडे होते.

आतड्यांना त्रास होतो, हे नाकारत नाही. पण ब्रिटनमधल्या ‘हायब्रिड’ चाचणीत लघवीच्या मार्गाबाहेरचे गंभीर त्रास ठरावीक आराखड्याच्या गटात 13 टक्के होते, दर शेकाला आराखडा जुळवून घेणाऱ्या गटात 6 टक्के. रुग्ण 65च, म्हणजे चाचणी लहान. पण ते सगळे मोठे उपचार न झेपणारे, बहुतेक ऐंशीच्या पुढचे होते. ‘म्हाताऱ्यांनी काहीच करू नये’ याला यापेक्षा थेट उत्तर मला माहीत नाही. त्यांना आठवड्यातून एकदा, असे फक्त सहा शेक दिले. चिपळूणहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरून दादरला उतरणाऱ्या माणसासाठी नेहमीच्या शेकाच्या वीसेक खेपा आणि या सहा खेपा यांत केवढा फरक आहे!

पिशवी काढावी लागतेच का? पिशवी आधीच आक्रसली असेल किंवा गाठी सगळीकडे पसरल्या असतील, तर काढणंच बरं. पण 2023 साली अमेरिका-कॅनडातल्या 722 निवडक रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. दुर्बिणीतून गाठ खरवडून केमो-शेक घेतलेल्यांत आणि पिशवी काढलेल्यांत, पाच वर्षांनी कॅन्सर दूर न पसरलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं.

काका, तिकीट पुन्हा काढते. डॉक्टरांना एवढंच विचारू: ‘त्या दिवशीची पिशवी बघून आराखडा निवडता का?’