ईस्टवुडला हॉलिवूडने हाकललं नव्हतं

हॉलिवूडचा नट क्लिंट ईस्टवुड याचा पोंचो (डोक्यातून घालायची घोंगडी) पांघरलेला फोटो आणि खाली प्रेरणादायी मजकूर, अशी एक पोस्ट अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतेच. मजकूर साधारण असा: हॉलिवूडने नाकारलेला, स्विमिंग पूल खणून पोट भरणारा एक अनोळखी नट सगळं सोडून इटलीला गेला. तिथे सर्जिओ लिओने या दिग्दर्शकाने त्याच्यातला हिरा ओळखला. 1964 साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला आणि पठ्ठ्या रातोरात जगाचा सुपरस्टार झाला. तात्पर्य, पिकतं तिथे विकत नाही.

गोष्ट झकास आहे, फक्त तशी घडलेली नाही.

आधी तो 'अनोळखी नट'. खड्डे खणल्याचं खरं आहे, पण ते दहाएक वर्षं आधीचं. 1955 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने त्याचा करार संपवला, तेव्हा त्याने असली कामं केली. पण जानेवारी 1959 पासून तो सीबीएस वाहिनीवरच्या 'रॉहाइड' या वेस्टर्न मालिकेत रावडी येट्सची भूमिका करत होता. गुरांचे तांडे हाकणाऱ्या काउबॉयांची ही मालिका अमेरिकेत चांगलीच चालली होती. म्हणजे 1964 मध्ये हा माणूस बेकार नव्हता, नियमित पगारावर होता आणि घराघरात ओळखीचा होता. अडचण वेगळी होती. तेव्हा टीव्हीवाल्यांना सिनेमावाले सहसा नायक म्हणून उभं करत नसत, आणि त्यात हा मालिकेतला दुय्यम नायक. ही कोंडी खरी, पण तिला उपासमार म्हणता येत नाही.

'सगळं सोडून गेला' हे तर साफ खोटं. मालिकेच्या दोन हंगामांमधल्या सुट्टीत तो गेला, काम करून परत आला आणि पुन्हा 'रॉहाइड'च्या सेटवर हजर झाला. पुढच्या वर्षी 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठीही हेच. नोकरी शाबूत ठेवून केलेलं जोडकाम होतं ते! त्याच्या पिस्तुलाच्या मुठीवर चांदीचा खुळखुळ्या साप दिसतो, पडदा मोठा असेल तर नीट बघा. ती मूठ 'रॉहाइड'मधलीच. तिकडच्या नोकरीतलं हत्यार घेऊनच साहेब इकडे आले होते. आणि 'इकडे' म्हणजे तरी कुठे? रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत आतली दृश्यं झाली, पण ते रखरखीत माळरान आणि पांढरी घरं स्पेनची, काही माद्रिदजवळची आणि काही दक्षिणेकडच्या अल्मेरिया भागातली.

आता हिऱ्याची पारख. लिओनेला हवा होता हॉलिवूडचा बडा नट हेन्री फोंडा, तो परवडणारा नव्हता. जेम्स कोबर्नने 25 हजार डॉलर मागितले, तेही जड गेले. चार्ल्स ब्रॉन्सनने नकार दिला. रोममध्ये काम करणारा अमेरिकन नट रिचर्ड हॅरिसन यानेही नाही म्हटलं आणि ईस्टवुडचं नाव सुचवलं. मग लिओनेने 'रॉहाइड'चा एक भाग पाहिला. ईस्टवुडला 15 हजार डॉलर मिळाले. स्वस्तात सापडला, असं सरळ म्हणायला काय हरकत आहे?

पण अमेरिकनच का हवा होता? मला वाटतं, खरी गोष्ट इथे आहे आणि पोस्टमध्ये नेमकी हीच नाही. इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनी अशा तीन देशांच्या निर्मात्यांनी मिळून सुमारे दोन लाख डॉलरमध्ये हा सिनेमा उभा केला. जर्मन प्रेक्षकासाठी नायिका म्हणून जर्मनीची मारियाने कोख घेतली. वेस्टर्न मात्र अमेरिकेतून आल्यासारखा दिसला तरच खपेल, हा हिशेब. म्हणून श्रेयनामावलीत सर्जिओ लिओने झाला 'बॉब रॉबर्टसन', खलनायक जान मारिया वोलोन्ते झाला 'जॉन वेल्स' आणि संगीतकार एन्नियो मोरिकोने झाला 'डॅन साव्हिओ'. म्हणजे कलेची कदर करणारी म्हणून पोस्टवाले जिची आरती ओवाळतात, त्या इटलीत इटालियनच स्वतःची नावं लपवत होते. खरं नाव लावून मिरवायची सोय होती ती ईस्टवुडला. इटालियन प्रेक्षकाने त्याचा आवाजही ऐकला नाही, तिथे तो बोलला एन्रिको मारिया सालेर्नो या नटाच्या आवाजात. परदेशाने त्याचा चेहरा घेतला आणि चेहऱ्यामागचा अमेरिकन शिक्का घेतला. त्या चेहऱ्याने पुढे काय जादू केली, ते श्रेय अर्थात त्याचं आणि लिओनेचं. संवाद कापून भूमिका आणखी अबोल करण्याचा आग्रह ईस्टवुडचाही होता.

'रातोरात'बद्दल फार बोलायला नको. इटलीत सिनेमा तुफान चालला, हे खरं. अमेरिकेत तो लागला जानेवारी 1967 मध्ये. मध्ये अडकलं होतं कोर्टाचं प्रकरण: कथा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 1961 च्या 'योजिम्बो'वरून उचललेली होती, आणि जपानी मंडळींनी जगभरच्या कमाईतला 15 टक्के वाटा वसूल केला. 1967 मध्येच हा, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' असे लिओने-ईस्टवुडचे तिन्ही सिनेमे अमेरिकेत ओळीने लागले. लावले कुणी? युनायटेड आर्टिस्ट्सने, म्हणजे हॉलिवूडच्याच कंपनीने. 1968 मध्ये त्याच कंपनीकडून त्याचा 'हँग देम हाय' आला. झिडकारणाऱ्या घराशी एवढा सुरळीत व्यवहार होतो का?

पोस्टवाल्यांना खरोखर घरी वाळीत पडलेला माणूसच हवा असेल, तर तो त्याच चित्रत्रयीत आहे: ली व्हॅन क्लीफ. 1952 च्या 'हाय नून'मध्ये सुरुवातीलाच त्याचा चेहरा दिसतो, पण अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. मग वर्षानुवर्षं खलनायकांच्या टोळीतला तिसरा-चौथा माणूस. पुढे अपघातात गुडघा गेला, कामं आटली आणि तो चित्रं रंगवू लागला. 1965 मध्ये लिओनेने त्याला 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये कर्नल मॉर्टिमर केलं, आणि चाळिशीत तो युरोपात नायक झाला. 'द बिग गनडाउन', 'डेथ राइड्स अ हॉर्स', 'सबाटा' हे सगळे त्याच्या नावावर विकले गेले. ईस्टवुड परत गेल्यावरही हा कितीतरी वर्षं तिथेच कमावत राहिला.

आणि हो, मॉर्टिमरसाठीही लिओनेच्या डोक्यात आधी दुसराच अमेरिकन नट होता, ली मार्विन.