‘पत्ता मित्राचा असेल तर मेल खरा’ हे सांगणं थांबवा

निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. मित्राच्या नावाने पैसे मागणारा ईमेल आला तर काय करायचं, याचा सल्ला आहे त्यात. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, तो मित्राचाच असेल तर मेल खरा. इंग्रजी चुकीचं असेल तर खोटा. शंका आलीच तर उलट मेल करून एखादा घरगुती प्रश्न विचारा. पैसे गेलेच तर तीन दिवसांत बँकेला कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण रक्कम परत मिळते. आणि शेवटी, ‘फसतात ती हावरट माणसंच.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला पाळूनच माणूस फसू शकतो. आमच्या घरात हे घडलंय, म्हणून लिहितेय.

आधी पत्त्याचं. नाव मित्राचं आणि पत्ता भलताच, असे मेल येतात; ते पत्ता बघून पकडता येतात, हे खरं. पण चोर मित्राच्या खात्यातच शिरला असेल तर? मग मेल मित्राच्या अस्सल पत्त्यावरूनच येतो. पत्ता खरा आहे का, या ईमेल कंपनीच्या तपासणीतून तो सुखरूप पार होतो, कारण तो खरोखरच त्या खात्यातून निघालेला असतो.

माझे काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या खात्यातून ओळखीच्या सगळ्यांना मेल गेला: पुतण्या दवाखान्यात आहे, चाळीस हजार तातडीने हवेत, दोन दिवसांत परत करतो, फोनवर बोलण्याच्या परिस्थितीत नाही. मजकूर इंग्रजीत होता, साधा आणि बिनचूक. खाली मात्र देवनागरीत ‘आपला स्नेहांकित’ आणि काकांचं पूर्ण नाव. ती सही काकांनी स्वतःच कधीतरी सेटिंगमध्ये टाकून ठेवलेली. त्या खात्यात शिरून लिहिलेल्या मेलखाली ती आपोआप येऊ शकते, मग मेल कोणीही लिहो. त्यांच्या एका जुन्या मित्राने ती सही बघितली आणि पैसे पाठवले.

चुकीच्या इंग्रजीबद्दल फार लिहायला नको. आता कोणालाही शुद्ध इंग्रजी किंवा मराठी मजकूर मिनिटभरात करून मिळतो. ती खूण गेली.

‘उलट मेल करून घरगुती प्रश्न विचारा’ हा तर सगळ्यांत घातक सल्ला. उलट मेल जातो तो चोराकडेच. त्याच्या हातात तुमच्या मित्राची दहा-पंधरा वर्षांची पत्रं असतात: मुलीच्या लग्नाची पत्रिका, सहलीचे फोटो, कोणाचं ऑपरेशन कधी झालं ते. शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकला की उत्तर तयार. विचारायचं असेल तर फोनवर, आणि तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, स्वतः लावून. मेलमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नाही. आलेल्या फोनवर विसंबूनही नाही, कारण आता आवाजाचीही नक्कल होते. फोन लागला नाही तर वहिनींना लावा, मुलाला लावा. तोवर पैसे थांबू द्या.

राहिला हावरटपणा. एप्रिल २०१९ मध्ये देशाचे माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांना त्यांचे स्नेही, निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. सिंग यांच्या पत्त्यावरून मेल आला. नातेवाइकाच्या उपचारासाठी पैसे हवे होते. लोढांनी दोन हप्त्यांत एक लाख रुपये पाठवले. मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं न्यायदान केलेला हा माणूस. त्यात हाव कुठे होती? मित्र अडचणीत आहे म्हटल्यावर हात पुढे केला, एवढंच. लॉटरी लागल्याचा मेल आणि हा मेल यांत हाच फरक आहे: हा माणसाच्या चांगुलपणावर चालतो. फसलेल्याला हावरट म्हटलं की तो गप्प बसतो, आणि चोराला पुढचं गिऱ्हाईक मिळतं.

सिंग यांचं खातं बळकावलं गेलं होतं, हे लोढांना कळलं ३० मे रोजी. महिन्याहून जास्त दिवसांनी. आता तीन दिवसांचा नियम आठवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला तसं परिपत्रक काढलं हे खरं. पण ते अनधिकृत व्यवहारांबद्दल आहे. म्हणजे बँकेची किंवा आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी आपल्या खात्यातून पैसे काढले, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. इथे पिन आपण टाकलेला असतो, रक्कम आपण लिहिलेली असते. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार आपणच केलेला. त्यामुळे ‘पूर्ण रक्कम परत मिळते’ हे आश्वासन कोणाला देऊ नका. कळल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि मग एटीएममधून बाहेर, असे पळतात. मधल्या एखाद्या खात्यात अजून असतील तर गोठवता येतात. तीन दिवस कसले, पहिल्या तासा-दोन तासांचा प्रश्न असतो.

पैसे पाठवताना यूपीआयवर खातेदाराचं नाव दिसतं, तेही वाचा. काकांच्या मित्राने वाचलं होतं. अनोळखी नाव होतं. दवाखान्यातलं कोणी असेल, असं ते धरून चालले.

आणखी एक गोष्ट, जी त्या संदेशात नाहीच. काकांनी पासवर्ड बदलला आणि आम्ही निर्धास्त झालो. तरी दोन दिवस त्यांना एकही मेल येईना. शेवटी सेटिंग उघडून बघितलं, तर चोराने एक फिल्टर लावून ठेवलेला: येणारं प्रत्येक पत्र थेट कचऱ्याच्या पेटीत. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही. मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याची सोय, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर, हेही एकेक करून तपासावं लागतं, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीची दुसरी खात्री मागणारी सोय, चालू करावं लागतं. फिल्टर काढला आणि काकांनी कचऱ्याची पेटी उघडली. अकरा पत्रं होती. सगळ्यांत खालचं त्या मित्राचं, मराठीत: ‘पैसे पाठवलेत. दवाखाना कुठला ते कळव, रात्री थांबायला मी येतो.’