तो कौल आणि ते कौल

आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या गावात कोणतेही मोठे काम देवाला विचारल्यावाचून होत नाही, म्हणून वडिलोपार्जित घराचे छप्पर बदलायचे ठरल्यावर मीही देवळात जाऊन कौल लावला आणि देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला. यात देवाची काही चूक नाही. छप्पर बदलू का, एवढेच मी विचारले होते. कोणाकडून बदलू, हे विचारायचे राहून गेले.

जुने छप्पर गळत नव्हते असे नाही. ते माजघरात कोठीच्या दारापाशी आणि पडवीत आरामखुर्चीच्या डाव्या हाताशी, अशा दोन जागी गळत असे. या दोन्ही गळत्या माझ्या जन्माआधीच्या असल्यामुळे घरातली माणसे त्यांना वळसा घालूनच चालायला शिकली होती आणि जून उजाडला की आई वर न पाहता नेमक्या जागी बादल्या सरकवीत असे. पण वासे वाळवीने पोखरले होते, दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळेनासा झाला होता, आणि केल्ड्यांची, म्हणजे माकडांची, टोळी आंब्यावरून थेट आढ्यावर उडी घेऊन पाच-सहा कौले फोडल्याशिवाय पुढे जात नसे. त्यामुळे लाकूड काढून लोखंडी पाइपांचा सांगाडा घालणारे एक काँट्रॅक्टर मिळाले, तेव्हा मला धन्य वाटले. ‘‘भाई, तुमी कांय भियेनाकात,’’ असे ते म्हणाले. मी तोवर भ्यालो नव्हतो.

आता, मंगळुरी कौल ही वस्तू दिसते तेवढी साधी नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल एकमेकांत अडकून बसावे अशाच बेताने घडवले जाते. त्याच्या पोटाशी असलेली टोके रिपेवर, म्हणजे छपराच्या आडव्या पट्टीवर, टेकतात, कडेची खाच शेजारच्या कौलात बसते आणि वरचे कौल खालच्याच्या डोक्यावर तीनेक इंच चढते. म्हणून शहाणा माणूस आधी कौल हातात घेतो आणि मग रिपांमधले अंतर ठरवतो. आमच्या काँट्रॅक्टरांनी आधी टेप हातात घेतली आणि सरळ चौदा इंच धरले, कारण चौदाने भागाकार बरोबर सुटत होता. शिवाय पाइप कमी लागावा म्हणून त्यांनी उतार थोडा मोडला आणि फुटलेल्या जुन्या कौलांच्या जागी दुसऱ्याच कारखान्याची नवी कौले मिसळली. त्यांच्या खाचा जुन्यांत बसेनात, तेव्हा ती नुसती शेजारी शेजारी ठेवून दिली, एखाद्या लग्नात बोलणे बंद असलेले दोन भाऊ बसवावेत तशी. लाकडी रीप खिळा उपटून सरकवता येते. वेल्डिंग केलेला पाइप कोणाचेच ऐकत नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिल्या रात्री तो नैर्ऋत्येकडून आडवा आला आणि कौलांच्या फटींतून उलटा वर चढून आत उतरला. खरी मौज पुढेच होती. पाणी जिथून आत येई तिथे पडतच नसे. ते पाइपाच्या पोटाला चिकटून घरंगळत जाई, वेल्डिंगच्या एखाद्या गाठीपाशी थांबे, तिथे थेंब फुगे, थरथरे आणि मी बादली घेऊन पोचेपर्यंत वारा फिरून तो पुढच्या गाठीवर गेलेला असे. मी बॅटरीच्या उजेडात बारा गाठी मोजल्या आणि घरातली भांडी मात्र नऊच निघाली. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, मिरच्या, कोकम आणि सुकी मासळी आम्ही पलंगावर ठेवली आणि स्वतः जमिनीवर झोपलो. २४ जूनला सांजांवच्या सणाला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घातलेली पोरे विहिरीत उड्या मारायला निघाली, तेव्हा आमच्या हॉलमध्येही पुरेसे पाणी आहे, हे सांगण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

काँट्रॅक्टरांना फोन केला की ते म्हणत, कौले नवी आहेत, दोन पाऊस खाल्ले की बसतील. पाहुणे येत, ते माझ्याशी बोलताना वर पाहत. आई तेवढी काही बोलत नसे. ती सवयीने कोठीच्या दारापाशी बादली ठेवी, आणि अख्ख्या घरात ती एकच जागा कोरडी राही.

चवथ जवळ आली, तसा माझा धीर सुटला. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घोस आणि तोरिंगे बांधताना एक थेंब नेमका मखराच्या मधोमध पडला. गणपती मातीचा, त्याचे विसर्जन पाच दिवसांनी व्हायचे, आमच्याच घरात व्हायचे नव्हे. त्याच संध्याकाळी बाजारातून निळी ताडपत्री आणली, मी आणि भावाने ती आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडली आणि कडांना वाळूची पोती बांधली. लाखो रुपयांचे छप्पर रस्त्यावरून दिसेनासे झाले आणि घर कोरडे झाले.

दुसऱ्या दिवशी काँट्रॅक्टर दर्शनाला आले. नमस्कार करून त्यांनी नेवरी उचलली, अंगणात जाऊन बराच वेळ वर पाहिले आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘‘भाई, ही ताडपत्री कोणाकडून घालून घेतलीत? त्याचा नंबर द्या. आमच्या घराचेही यंदा जरा गळते आहे.’’